थांबलेल्या पाण्यातला समुद्रतारा

तांबोळी सर गेल्याचा निरोप कॉलेजच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर सकाळी सव्वानऊला आला. मी तेव्हा दळणाचा डबा घेऊन गिरणीकडे निघालो होतो. निरोप वाचला, मोबाईल खिशात ठेवला आणि दळण आणलं. घरी आल्यावर सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती "अरे देवा" म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला रडू येईल असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी थोडा वेळ खुर्चीत बसून राहिलो. काही आलं नाही. मग मी चहा मागितला.

एकोणीस वर्षं आम्ही दोघं एका प्रयोगशाळेत वावरलो. अर्ध्या खोलीत माझ्या वनस्पती, अर्ध्या खोलीत त्यांचे प्राणी, आणि मधे एक बेसिन, ज्यावरून आमचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं. अशा माणसासाठी डोळ्यांत टिपूस येऊ नये याचा मला राग येतो. सध्या येतं ते एवढंच. शमीमभाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, अजून आहेत. त्यांना कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगूनही त्यांच्यापर्यंत काही पोचलं नसतं.

हमीद तांबोळी मूळचे भिंगारचे. घरात तीन पिढ्या पानांचा धंदा, आणि पदवी घेणारे हे पहिलेच. भिंगारहून नगरला आणि नगरहून आमच्या देवळालीला असे रोज दोन एसट्या बदलून यायचे, आणि देवळालीतच राहणारा मी त्यांच्यानंतर पोचायचो. उंच, वाळकी अंगकाठी, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, डाव्या गालात पान. कात आणि फॉर्मॅलिन यांचा मिळून एक वास त्यांच्या आधी खोलीत शिरायचा. पोरांनी त्यांचं नाव 'मसाला फॉर्मॅलिन' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. "बरं आहे," ते म्हणायचे, "निदान दोन्ही टिकाऊ आहेत."

या माणसाला समुद्राचं वेड होतं. आमच्याकडे दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढं साखर कारखान्याची चिमणी. समुद्र म्हटलं की आमची माणसं नकाशाकडे बोट दाखवतात. एका वर्षी मालवणला सहल गेली, तेव्हा सरांनी बर्फाच्या डब्यात समुद्राच्या पाण्यासकट दोन समुद्रतारे आणले. एक वाटेतच गेला. दुसरा आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत चार वर्षं जगला. त्याची जात कोणती हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं आणि मी तितक्याच वेळा विसरलो. पुण्याहून खास मीठ मागवून ते त्याच्यासाठी खारं पाणी करायचे. नगरच्या मासळीबाजारात किनाऱ्यावरचा माल बर्फात यायचा, त्यातले जिवंत शिंपले टकटक करून निवडायचे आणि डब्यात घालून एसटीनं आणायचे. शेजारच्या सीटवरच्या एका बाईंनी एकदा विचारलं, "मास्तर, डब्यात काय हो एवढं?"

"पाहुण्याचं जेवण," सर म्हणाले. ते अगदी खरं होतं.

त्याला तारामासा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मासा म्हणायला त्याला डोकं तरी पाहिजे!" त्याला डोकं नाही, मेंदू नाही. प्रत्येक बाहूच्या टोकाला एक ठिपका असतो, त्याला उजेड-अंधार कळतो, फार तर समोर काहीतरी मोठं आहे एवढं. खाणं शोधायचं ते वासावर. शिंपल्याच्या अंगातून काही ना काही पाण्यात झिरपत असतं, ते वाहत येऊन ज्या बाहूला आधी लागेल तो बाहू त्या वेळेपुरता पुढारी, आणि बाकीचे मुकाट त्याच्यामागे. "आपल्या स्टाफ मीटिंगपेक्षा बरं चालतं," असं सर प्राचार्यांसमोर म्हणाले होते. मग शिंपल्याला कवळ घालायची, पोटाखालच्या शेकडो बारीक पायांनी दोन्ही झाकणं धरायची आणि ओढत राहायचं. हिसका नाही, घाई नाही, तास न् तास. शिंपला दमतो. केसाएवढी फट पडली की हा आपलं पोटच तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सोडतो. "आपण खाणं घरी आणतो," सर सांगायचे, "हा पोट घेऊन त्याच्या घरी जातो." पहिल्यांदा ऐकून एका मुलीनं डबा उघडलाच नाही त्या दिवशी.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. समोर दोन गोष्टी असताना हा एक का घेतो? पोरांच्या जर्नलात 'समुद्रताऱ्याला शिंपले आवडतात' असं वाक्य आलं की सरांचं लाल पेन उठायचं.

"तुम्ही विचारलंत त्याला?"

"मग काय लिहू, सर?"

"खाल्ले, असं लिहा. आणि शेजारी दुसरं काय ठेवलं होतं तेही लिहा. समोर एकच ताट ठेवायचं आणि यानं निवडलं म्हणायचं, हे आपल्याकडच्या लग्नासारखं झालं."

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. त्यांनी मोठा शिंपला आणि लहान शिंपला शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर हा बहुतेक वेळा मोठा सोडून लवकर उघडेल तो घ्यायचा. कितीतरी महिने एकाच जातीचे शिंपले दिल्यावर त्यांनी काळे शिणाणे, म्हणजे शिंपल्यांचीच दुसरी जात, आणून ठेवले. यानं त्यांच्यावर पाय ठेवला आणि पुढं गेला. पाचव्या दिवशी एक खाल्ला. दोन महिने शिणाण्यांवर काढल्यावर जुने शिंपले दिले, तर त्यांच्यावरून तसाच पुढं. सर वहीत लिहीत गेले. मला म्हणाले, "कदम सर, जे मिळत गेलं तेच त्याचं खाणं झालं. आपण उगाच त्याला मन देतो." मी तेव्हा बेसिनमधल्या माझ्या शेवाळाबद्दल भांडत होतो, त्यामुळे फार लक्ष दिलं नाही.

एका उन्हाळ्यात त्यानं खाणं सोडलं. चार वाजता तास संपले की सर टाकीच्या एका कडेला शिंपले ठेवायचे आणि एसटीला पळायचे. सकाळी पाहावं तर शिंपले जसेच्या तसे, मग ते काढून टाकायचे. वहीत लिहायचे, 'नाकारले'. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नाकारले'. पाणी बदललं, मीठ मोजलं, बाजारात दुसरा मासळीवाला गाठला. असे बावीस दिवस गेले. माणूस सुकत चालला. ज्याच्यासाठी सुकत होता तो चारनंतर माझ्यासमोर टाकीत सावकाश फिरायचा, शिंपल्याजवळून जायचा आणि निघून जायचा.

तेविसाव्या दिवशी सर छत्री विसरले म्हणून स्टँडवरून परत आले. मी स्लाईडी धूत होतो. आमचे लॅब अटेंडंट भाऊसाहेब ढगे झाडू मारत होते. सर दारातच थांबले, कारण टाकीच्या पंपाची घरघर ऐकू येत नव्हती.

"पंप कुणी बंद केला?"

"म्या केला," भाऊसाहेब म्हणाले. "आराम दिलाय त्याला. सकाळधरनं पळतोय, लई तापतो. मोटार जळली म्हंजी कुठं बोंबलायचं? तुमी यायच्या आदी सकाळी चालू करतो की."

"किती दिवस चाललंय हे?"

"उन्हाळा लागल्यापासनं. काय वंगाळ झालं का?"

वंगाळ काहीच नव्हतं. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते, आठ तास मोटार चालते आणि मग गार होते. चोवीस तास मोटार चालवणारा माणूस आमच्या गावात वेडा ठरेल. भाऊसाहेबांनी टाकीच्या पंपाला विहिरीच्या मोटारीची माया लावली होती. आणि गंमत सांगायची तर ती घरघर रोज चारनंतर थांबते हे मलाही माहीत होतं. मीही उसातलाच, मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

सरांनी बटण दाबलं. शिंपल्यांकडून समुद्रताऱ्याकडे पाणी हलायला लागलं. थोड्या वेळानं त्याच्या एका बाहूचं टोक वर उचललं गेलं, थोडं वळलं, आणि तो बाहू पुढारी झाला. पंधरा मिनिटांत तो शिंपल्यावर होता. सर स्टुलावर बसले. एसटी गेली, पुढचीही गेली. त्यांनी वही काढली, बावीस ठिकाणचं 'नाकारले' एकेक करून खोडलं आणि प्रत्येक ठिकाणी वर लिहिलं, 'कळले नाही'. पाणी थांबलं की वास पोचत नाही. वास पोचला नाही की शिंपला वीतभर अंतरावर असला काय आणि मालवणला असला काय, सारखंच.

"भाऊसाहेब, तुमच्यामुळं माझी चूक सापडली," सर म्हणाले.

भाऊसाहेबांना वाटलं टोमणा मारला. दोन दिवस त्यांनी सरांना चहा दिला नाही.

सर निवृत्त झाले, त्यानंतर तीन वर्षांनी मी. दरम्यान भाभींना विस्मरणाचा आजार लागला. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग सोलापूरला दिलेल्या लेकीचं नाव. मी महिन्यातून एकदा नगरला गेलो की भिंगारला चक्कर मारायचो. भाभींच्या हातचा खिचडी-खट्टा, म्हणजे खिचडी आणि वर चिंचेचं सार, मी आयुष्यभर खाल्लेला. त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. मग एक दिवस त्यांनी खाणं सोडलं. ताट समोर ठेवलं तरी त्या भिंतीकडे बघत बसायच्या. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी त्या उपटणार हे उघड होतं, म्हणजे हात बांधावे लागणार होते. सरांनी हे मला फाटकातच सांगितलं, आत यायच्या आधी. "कदम सर, तिचे हात बांधलेले मी बघणार नाही." त्यांचा आवाज वर्गात तास घेतल्यासारखाच होता.

"नको म्हणतात का?" मी विचारलं.

"नको म्हणत नाही. तिला कळत नाही."

पुढच्या खेपेला गेलो तर बघतो, भाभी खिडकीशी खुर्चीत, समोर दहा हातांवर शेगडी, शेगडीमागं टेबलफॅन, आणि सर तुपात लसूण परतताहेत. फॅन हळू, वारा भाभींच्या तोंडाकडे. गल्लीत बोभाटा झाला होता की तांबोळी सरांना उतारवयात वेड लागलं. लसूण लाल व्हायला लागला तशी भाभींची मान फिरली. मी पाहिली. सरांनी खिचडीवर ती फोडणी ओतली, वाटी घेऊन शेजारी बसले आणि भाभींनी तोंड उघडलं. त्यांनी हे सहज शोधलेलं नव्हतं. जिरं, मेथी, खिमा, भाजलेली भाकरी, सगळं वहीत होतं, मान फिरली की नाही त्यासकट. लसूण लागू पडल्यावर त्यांनी रोज तीच खिचडी, तीच वाटी, तीच वेळ ठेवली. आठ महिने हे चाललं. भाभींच्या गालावर पुन्हा थोडं मांस आलं. नळीचं नाव निघेना. त्या आठ महिन्यांत सर मला सुखी वाटले. हे विचित्र आहे, पण तसं होतं.

मग भाभी त्यांच्या हातचं घेईनाशा झाल्या.

मदतीला रुखसानाआपा यायच्या, गल्लीतल्याच, पन्नाशीच्या. सरांना ताप आला म्हणून दोन दिवस त्यांनी भरवलं आणि भाभी पोटभर जेवल्या. तिसऱ्या दिवशी सरांनी चमचा पुढं केला तर ओठ मिटलेले. सरांनी आधी साबण बदलला. मग अत्तर सोडलं. मग पान सोडलं, चाळीस वर्षांचं. मी गेलो तेव्हा त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता, आणि क्षणभर मला दुसऱ्याच कुणाच्या घरात आल्यासारखं झालं. वही त्यांनी माझ्यापुढं ठेवली. एका रकान्यात 'माझा हात', दुसऱ्यात 'रुखसाना', खाली घास. पहिल्या रकान्यात एकोणीस दिवस शून्य. शेवटचा रकाना निष्कर्षाचा, तो कोरा.

"तुम्ही बसा आज," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसानं बघायला पाहिजे. मीच भरवणार आणि मीच लिहिणार, ते बरोबर नाही."

मी म्हणालो, "सर, राहू द्या ना. जेवतात ना त्या? कुणाच्या का हातून."

"रुखसाना भरवते तेव्हा मी खोलीत असलो तरी हल्ली शमीम अर्धवट सोडते. वजन पुन्हा उतरतंय. कारण कळायला नको?"

मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो. दुपारचे साडेबारा. शेगडी, फॅन, लसूण, सगळं नेहमीसारखं. भाभींची मान फिरली, म्हणजे वास पोचला होता. सरांनी चमचा पुढं केला. ओठ मिटले. त्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि वाटी रुखसानाआपांकडे दिली. स्वतः दोन पावलं मागं उभे राहिले. भाभी चमच्याकडे बघेनात, सरांकडे बघत होत्या, आणि दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून होत्या. मी लिहिलं, शून्य. सर पडद्यामागच्या खोलीत गेले. दोन घास गेले. आतून ते खोकले, आणि तिसऱ्याला तोंड उघडलं नाही. मी लिहिलं, दोन.

मग सरांनी चपला घातल्या आणि ते घराबाहेर पडले. फाटकाची कडी वाजली.

भाभींचे हात कडांवरून सुटले आणि मांडीवर येऊन पडले. त्या रुखसानाआपांना म्हणाल्या, "गया क्या वो आदमी?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हां खाला, गया."

भाभींनी तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. वाटी संपली, वर दोन चमचे आणखी घेतले. मी घास मोजत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. हात मोजत होता, डोकं मोजत होतं. अठरा, असं मी लिहिलं. त्या जे बोलल्या ते मी वहीत लिहिलं नाही. एकोणीस वर्षं सरांच्या शेजारी काम करून निरीक्षणातलं काही गाळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

बाहेर आलो. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर सर बसले होते, पाय जुळवून, हात गुडघ्यांवर. डोक्यावर ऊन होतं. मी वही दिली. त्यांनी आकडे वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिले.

"मी बाहेर गेल्यावर अठरा?"

"अठरा."

"नक्की? तुम्ही स्वतः मोजले?"

"स्वतः मोजले, सर."

"काही बोलली?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पेन काढलं. लाल नव्हतं, साधं निळं होतं. शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, छोटं, एकदोन शब्दांचं. मी वाकून पाहिलं नाही. वही मिटून त्यांनी शेजारी ठेवली. मी म्हणालो, ऊन फार आहे, चला, कुठंतरी चहा घेऊ, नाहीतर माझ्याबरोबर देवळालीला चला दोन दिवस, सुनंदाला बरं वाटेल. त्यांनी मान हलवली. मी परत म्हणालो, निदान आत तरी जाऊन बसा, जेवण तर झालं त्यांचं.

"आत्ताचं झालं," सर म्हणाले. "पाच वाजता दूध-बिस्कीट असतं. मी आत गेलो तर ते जायचं नाही. तुम्ही निघा, तुमची एसटी चुकेल. मी बसतो इथंच."

मी निघालो. कोपऱ्यावरून वळताना मागं पाहिलं. ते पायरीवर थोडे बाजूला सरकून बसले होते, घराच्या खिडकीतून दिसणार नाहीत असे.